पांढऱ्या पिलाचा अपराध

जर्मन शेफर्ड जातीची एक उत्तम कुत्री व्याली आहे, अशी कल्पना वाचकांनीं करावी. आई आणि बाप दोघेंहि काळ्या-तांबूस रंगाचीं, दोघांच्याहि वंशावळी पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या, दोघांनींहि प्रदर्शनांत बक्षिसें मिळविलेलीं. वेतांत आठ पिलें निघालीं. सात आईबापांसारखीं आणि आठवें पांढरें. या आठव्याचें नाक काळें आहे, पापण्यांच्या कडा काळ्या आहेत, पंजांच्या गाद्याहि काळ्याच आहेत. तें भावंडांइतक्याच जोरानें दूध ओढतें आणि त्यांच्याबरोबरच डोळे उघडतें. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागांत अशा पिलाला जन्मतांच मारून टाकण्याची वहिवाट पुष्कळ ठिकाणीं होती. जेथें मन त्याला तयार होत नसे, तेथें तें पिलूं कागदपत्रांवांचून गुपचुप कोणाला तरी देऊन टाकीत आणि वेतांत सातच पिलें झालीं असें सांगत.

आम्हांस येथें क्रौर्याची कथा सांगावयाची नाहीं. ज्यांनीं हें केलें ते कुत्र्यांचे वैरी नव्हते. उलट कुत्र्यांवर त्यांच्याइतका जीव लावणारीं माणसें विरळाच. व्यायला आलेल्या कुत्रीपाशीं रात्रभर जागत बसणारा, अडलेलें पिलूं स्वतःच्या हातानें मोकळें करणारा मनुष्य सकाळीं आठव्या पिलाला उचलून बाहेर नेतो, आणि आपण जातीचें रक्षण केलें असें त्याला प्रामाणिकपणें वाटतें. क्रूर माणसाच्या कृत्यांत विचार करण्यासारखें फारसें कांहीं नसतें; प्रेमळ माणसाच्या अशा कृत्यांत मात्र असतें. तेव्हां प्रश्न असा, कीं 'दोष' हा शब्द त्या पिलाला लावतांना तो नेमका कोणाच्या खात्यावर मांडला गेला? पिलाच्या, कीं पाहणाराच्या?

या जातीचा इतिहास फार जुना नाहीं आणि तो चांगला नोंदलेला आहे, ही आमच्या दृष्टीनें सोयीची गोष्ट. मेंढपाळांचे कुत्रे जर्मनींत शतकानुशतकें होतेच. पण प्रांताप्रांतांतून त्यांचे आकार, कान, शेपट्या आणि रंग निरनिराळे. माक्स फॉन स्टेफनित्स या घोडदळांतील माजी कप्तानाच्या मनांत या सर्वांतून एकच आदर्श देशी कुत्रा घडवावा असें होतें. ३ एप्रिल १८९९ रोजीं कार्ल्सरूहे येथील प्रदर्शनांत त्यांना हेक्टर नांवाचा एक कुत्रा दिसला. तो त्यांनीं तेथल्या तेथें विकत घेतला, त्याचें नांव बदलून होरांड फॉन ग्राफराथ असें ठेवलें, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस जर्मन शेफर्ड कुत्र्यांचा संघ स्थापन झाला. संघाच्या वंशनोंदीच्या पुस्तकांत पहिला क्रमांक या होरांडचा. आज जगांतील कोणत्याहि नोंदलेल्या जर्मन शेफर्डची वंशावळ मागें नेत गेलें असतां ती शेवटीं होरांडपाशीं पोंचते, इतका तो या घराण्याचा मूळपुरुष.

आतां या मूळपुरुषाचें आजोळ पाहावें. होरांडची आई लेने. आणि लेनेचा बाप ग्राइफ फॉन श्पारवासर, जन्म १८७९. हा ग्राइफ पांढरा होता. तो लपवून ठेवलेला नव्हता. हानोव्हर येथील १८८२ च्या प्रदर्शनांत तो लोकांपुढें मांडलेला होता. म्हणजे ज्या पुस्तकानें पुढें पांढऱ्या पिलाला दार बंद केलें, त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरील पहिल्या कुत्र्याचा मातामह पांढराच. घरांत आजोबांची तसबीर लावलेली असावी, आणि नातवंडांपैकीं ज्याचा चेहरा हुबेहूब त्या तसबिरीसारखा निघेल त्याला घरांतून काढून द्यावें, असाच हा प्रकार झाला.

मेंढपाळांच्या दृष्टीनें तर पांढरा रंग हा गुणच होता. पहिल्या शतकांतील रोमन कृषिलेखक कोलुमेल्ला यानें शेतकऱ्याला दोन प्रकारचे कुत्रे सुचविले आहेत. घराच्या राखणीस काळा, कारण चोराला तो दिवसा अधिक भयंकर दिसतो आणि रात्रीं दिसतच नाहीं. मेंढ्यांच्या राखणीस पांढरा, कारण पहांटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या धूसर उजेडांत लांडग्यावर उगारलेला घाव आपल्याच कुत्र्यावर पडूं नये. या विचारांत सौंदर्याचा गंधहि नाहीं, केवळ व्यवहार आहे. हंगेरीचा कुवास, इटलींतील मारेम्मा, पिरेनीज पर्वतांतील मोठा राखण्या कुत्रा हे सारे पांढरेच आहेत. ज्यांनीं कुत्र्याच्या जिवावर आपलीं मेंढरें सोंपविलीं, त्यांनीं या रंगाला कधीं भ्याडपणाची किंवा अशक्तपणाची खूण मानलें नाहीं.

तरीहि १९३३ सालीं जर्मन संघाच्या लक्षणपत्रांत पांढरा रंग बाद ठरला. संस्थापक स्टेफनित्स तेव्हां हयात होते. ते १९३६ सालीं वारले. हें साल वाचतांच वाचकाच्या मनांत दुसऱ्याच एका 'शुद्धते'ची आठवण जागी होईल, आणि गोऱ्या वर्णाचें स्तोम माजविणाऱ्या राजवटीच्या पहिल्याच वर्षीं पांढरा कुत्रा अपात्र ठरावा यांतील विपरीतपणाहि त्याला जाणवेल. परंतु कुत्र्यांचे नियम आणि माणसांवरील अत्याचार यांत कार्यकारणाचा धागा ओढण्याचा मोह आम्ही टाळतों. तसें केल्यानें प्रश्न फारच स्वस्तांत सुटतो. कारण अमेरिकेंत कोणतीहि हुकूमशाही नसतां, तेथील जर्मन शेफर्ड संघानें १९६८ सालीं हाच निर्णय मतें घेऊन केला. असा निर्णय करण्यास दुष्ट राजवट लागत नाहीं. एक समिति, एक आदर्श चित्र आणि थोडीशी भीति एवढ्यावर भागतें.

भीति कसली, तें सांगितलें पाहिजे, नाहींतर दुसऱ्या पक्षावर अन्याय होईल. त्यांचे आक्षेप तीन. पहिला असा, कीं मेंढ्यांचीं कुरणें कमी झालीं, कुत्रा पोलिसांत आणि लष्करांत गेला. तेथें अंधारांत चमकणारा पांढरा कुत्रा शत्रूच्या नेमाला सोपा. हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरून सिद्ध एवढेंच होतें, कीं रात्रीच्या पहाऱ्याला पांढरा कुत्रा नेऊं नये. ज्या घरांत कुत्र्याचें काम मुलांबरोबर हिंडणें आणि संध्याकाळीं दाराशीं बसणें एवढेंच आहे, तेथें शत्रूच्या नेमाची चिंता कशाला? दुसरा आक्षेप असा, कीं पांढरा रंग हा अशक्तपणाचें, बहिरेपणाचें, रोगी रक्ताचें चिन्ह. तिसरा, आणि पैदास करणारांच्या मनांत सर्वांत खोल रुतलेला आक्षेप असा, कीं पांढऱ्याचें रक्त एकदां शिरलें म्हणजे साऱ्या जातीचा रंग फिका पडत जातो. काळ्याचा करडा, तांबड्याचा पिवळट होतो. दुसऱ्या आक्षेपाकडे आम्ही पुढें येऊं. तिसऱ्याचें उत्तर आधीं दिलें पाहिजे, कारण पांढऱ्या पिलाची खरी हकीकत त्यांतच आहे.

आनुवंशाचे जे नियम मेंडेलनें वाटाण्याच्या रोपांवरून शोधले होते ते १९०० सालीं, म्हणजे जर्मन संघ स्थापन झाल्यावर अवघ्या एका वर्षानें, पुन्हां उजेडांत आले. त्या नियमांप्रमाणें रंग हा दुधांत पाणी मिसळावें तसा मिसळत नाहीं. प्रत्येक पिलाला प्रत्येक गुणाचीं दोन बीजें मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. जर्मन शेफर्डांत पांढरेपणाचें बीज गौण आहे: त्याच्या जोडीस एक रंगाचें बीज असलें, कीं तें संपूर्ण झांकलें जातें आणि कुत्रा पूर्ण रंगाचा दिसतो. तें त्याला फिका करीत नाहीं, मळवीत नाहीं, कांहींच करीत नाहीं. मुकाट्यानें पुढच्या पिढीकडे जातें. दोन्हीं बीजें पांढरीं आलीं तरच पिलूं पांढरें. ग्राइफ पांढरा होता. त्याचें पांढरेपण याच जातीचें असेल तर लेनेकडे तें एक बीज असणें अटळ, आणि लेनेकडून होरांडकडे येण्याचा संभव निम्मा. तीस-चाळीस वर्षें ज्या घराण्यांत होरांडच्या वंशाचेच आपसांत संयोग लावण्यांत आले, तेथें हें बीज किती दूर पसरलें असेल याची कल्पना वाचकच करोत.

आतां बहिष्काराचा उपयोग किती, तें साध्या हिशेबानें पाहूं. समजा, शंभर पिलांत एक पांढरें निघतें. तर हिशेब असा निघतो, कीं उरलेल्या रंगीत पिलांपैकीं अठरा पिलें तें बीज पोटांत घेऊन हिंडत असतात. दर पिढीला पांढरें पिलूं काढून टाकीत गेलें, तर दहा पिढ्यांनंतर पांढऱ्यांचें प्रमाण चारशेंत एक होईल खरें. परंतु बीज वाहणारीं तेव्हांहि शेंकडा साडेनऊ असतील. म्हणजे शिक्षा होते ती ज्याच्या अंगावर बीज दिसतें त्याला, आणि तें बीज ज्यांनीं दिलें ते दोघे प्रदर्शनांतील बिल्ले गळ्यांत घालून पुढच्या वेताची तयारी करितात. २००० सालीं संशोधकांनीं हें बीज कोणत्या जनुकांत आहे आणि त्यांत कोणता बिघाड झालेला असतो हें निश्चित दाखविलें. आज गालाच्या आंतून घेतलेल्या पुसणीवरून कोणत्याहि रंगीत कुत्र्याच्या पोटीं तें आहे कीं नाहीं हें सांगतां येतें. ज्यांना पांढरीं पिलें खरोखरच नको असतील त्यांनीं अशीं दोन कुत्रीं एकत्र आणूं नयेत म्हणजे झालें. कोणाला मारावें लागत नाहीं, लपवावें लागत नाहीं. पन्नास वर्षांपूर्वीं हें साधन नव्हतें, हें मान्य. पण साधन नव्हतें म्हणून पिलाला दोषी म्हणण्याचा अधिकार कोठून आला, हें आम्हांस अजून कळलेलें नाहीं.

हेंच बीज दुसऱ्या एका घरीं गेलें तेव्हां काय झालें, तेंहि पाहण्यासारखें आहे. लॅब्रडॉर कुत्रे पूर्वीं काळेच मान्य असत. मधूनच निघणारीं पिवळीं पिलें नको असलेलीं म्हणून पुष्कळदां नष्ट केलीं जात. १८९९ सालीं, म्हणजे होरांड विकत घेतला गेला त्याच वर्षीं, इंग्लंडांत बेन ऑफ हाइड नांवाचा पिवळा लॅब्रडॉर जन्मला. त्याच्या धन्यानें त्याला ठेवून घेतलें, तो पिवळ्यांचा पहिला नोंदलेला पूर्वज ठरला, आणि पुढें लक्षणपत्रांत पिवळा रंग काळ्याच्या बरोबरीनें लिहिला गेला. अमेरिकेंत १९९१ पासून सलग ३१ वर्षें नोंदणींत पहिला क्रमांक लॅब्रडॉरचा होता. आंधळ्यांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांत पिवळा लॅब्रडॉर सर्वांच्या ओळखीचा आहे. या पिवळ्या लॅब्रडॉरचें बीज आणि पांढऱ्या जर्मन शेफर्डचें बीज एकच आहे! केंसांत काळें रंगद्रव्य येऊं न देण्याचें काम तें दोघांतहि सारखेंच करतें. पुढें पिवळा किती गडद किंवा किती फिका हें दुसरीं बीजें ठरवितात. एका घरांत जें बीज पाटावर बसलें, तेंच शेजारच्या घरांत उंबऱ्याबाहेर राहिलें. आणि या दोन घरांतील फरक बीजाच्या गुणांत नव्हता. कोणी तरी एका पिलाला ठेवून घेतलें, एवढ्यांतच होता.

आतां दुसरा आक्षेप, बहिरेपणाचा. हा आक्षेप निराधार नाहीं, म्हणूनच तो इतका टिकला. पांढऱ्या रंगाचे कुत्र्यांत निदान दोन अगदीं भिन्न प्रकार आहेत आणि डोळ्याला ते एकसारखे दिसतात. जर्मन शेफर्डच्या पांढरेपणांत रंगपेशी त्वचेंत जागच्या जागीं असतात. त्या केंसांत काळें द्रव्य घालीत नाहींत इतकेंच. म्हणून नाक व पापण्या काळ्या राहतात. दुसऱ्या प्रकारांत गर्भावस्थेंतच रंगपेशी शरीराच्या त्या भागापर्यंत पोंचत नाहींत. आणि या पेशींचें काम केवळ रंगाचें नसतें: आंतल्या कानांत त्या नसल्या तर ऐकण्याची यंत्रणा जन्मानंतर कांहीं आठवड्यांतच नाश पावते. असा खरोखरीचा दोषयुक्त पांढरा रंग कोणत्या जातींत आहे म्हणाल, तर डाल्मेशियनांत. पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे गोल ठिपके हीच ज्या कुत्र्याची कीर्ति, त्याची ती शुभ्र पार्श्वभूमि दुसऱ्या प्रकारची आहे. अमेरिकेंतील डाल्मेशियनांत शेंकडा सुमारें तीस एका किंवा दोन्ही कानांनीं बहिरे आढळले आहेत.

याच जातींत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस सबंध प्रकरणाची किल्ली वाटते. डाल्मेशियनचीं पिलें जन्मतांना पांढरीं असतात. ठिपके मागाहून उमटतात. पण एखादें पिलूं जन्मतांच कानावर किंवा डोळ्याभोंवतीं रंगाचा मोठा डाग घेऊन येतें. अशा डागाचा अर्थ असा, कीं निदान त्या बाजूला रंगपेशी मुबलक पोंचल्या. आणि अशीं डागाळलेलीं पिलें बहिरीं असण्याचें प्रमाण इतरांहून कमी असल्याचें तपासणींत दिसून आलें आहे. तर या डागाला लक्षणपत्रानें काय ठरवावें? बाद! ज्या खुणेनें पिलाच्या कानाची कांहींशी शाश्वती मिळते ती खूण अंगावर असली तर पिलूं प्रदर्शनाच्या रिंगणाबाहेर, आणि ज्या शुभ्रतेच्या पोटीं बहिरेपण आहे ती शुभ्रता जातीचें भूषण. जर्मन शेफर्डच्या पुस्तकानें निरुपद्रवी पांढऱ्याला हांकललें आणि डाल्मेशियनच्या पुस्तकानें उपद्रवी पांढऱ्याला सिंहासनावर बसविलें. दोन्हीं पुस्तकें कुत्र्याच्या हितासाठीं लिहिलेलीं आहेत असें त्यांचे कर्ते शपथेवर सांगतील. परंतु दोहोंतहि दोष मोजला गेला तो पाहणाराच्या डोळ्यानें. ज्याला तो भोगावा लागतो त्याला कोणी विचारलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कीं जात ही मुळांत माणसानें केलेली व्याख्या आहे. ती कशी करावी हा ज्याच्या त्याच्या संघाचा अधिकार. त्यांत नीतीचा प्रश्न कोठें आला? हा युक्तिवाद आम्ही हलका समजत नाहीं. आर्येच्या मात्रा ठरलेल्या आहेत; त्यांत जें बसत नाहीं तें आर्या नव्हे, असें म्हणण्यांत अन्याय नाहीं. पण आर्येंत बसली नाहीं म्हणून ओवीला कोणी सदोष कविता म्हणत नाहीं, आणि ओव्यांची वही चुलींत तर मुळींच घालीत नाहीं. 'हें आमच्या व्याख्येंत बसत नाहीं' आणि 'हें वाईट आहे' या दोन वाक्यांमधलें अंतर लक्षणपत्रें लिहिणाऱ्यांनीं सहज ओलांडलें. व्याख्या करण्याचा अधिकार त्यांना होता. पुढच्या वाक्याचा नव्हता.

आणि हें अंतर ओलांडणें मराठी माणसाला तर फारच सोपें जातें, कारण आमची भाषाच त्यावर पूल बांधून बसली आहे. कुत्र्याच्या प्रकाराला आम्ही 'जात' म्हणतों आणि माणसांच्या ज्ञातीलाहि जातच म्हणतों. घोडा 'जातिवंत' असतो, कलावंतहि जातिवंत असतो; तेथें जातिवंत याचा अर्थ सरळ 'उत्तम' असाच होतो. भेसळ, बाटणें, कुळी, अस्सल, कमअस्सल हे शब्द गोठ्यांतून पंक्तींत आणि पंक्तींतून गोठ्यांत बिनदिक्कत ये-जा करितात. कुत्र्याची जात ही निवडीनें घडविलेली, शरीरावर दिसणारी वस्तु आहे. माणसांची जात ही तशी वस्तु नव्हे, ती निव्वळ सांगण्यावर आणि मानण्यावर उभी आहे. या दोन गोष्टी एका शब्दांत कोंबल्यामुळें एकीचें शास्त्र दुसरीला उसनें मिळालें आणि दुसरीचा तिरस्कार पहिलीला. पांढऱ्या पिलाची हकीकत वाचून आमच्यापैकीं कित्येकांना हळहळ वाटेल. ती हळहळ वाटत असतां आपण कोणत्या शब्दांत विचार करीत आहों याकडेहि थोडें लक्ष असावें. आमच्या जुन्या वाङ्मयांत यमाचे दोन कुत्रे शबल, म्हणजे चित्रविचित्र रंगाचे, आणि चार डोळ्यांचे सांगितले आहेत. डोळ्यांवरच्या दोन ठिपक्यांमुळें तसें म्हटलें असावें असा अर्थ कांहीं विद्वान् लावतात. धर्मराजाच्या मागोमाग गेलेल्या कुत्र्याचा रंग मात्र कथेंत कोणीच विचारीत नाहीं. इंद्राचा आक्षेप रंगावर नव्हता, कुत्रेपणावरच होता. आणि धर्मराजानें उत्तर दिलें तें कुत्र्याच्या गुणांवर नव्हे, त्यानें दिलेल्या सोबतीवर.

तिरस्काराचें बोललों, पण कौतुकाचाहि तितकाच विचार केला पाहिजे. कारण अलीकडे वारें उलट दिशेनें वाहूं लागलें आहे. पूर्वीं वेगळ्या रंगाचें पिलूं लपवीत. आतां 'दुर्मिळ' म्हणून त्याची जाहिरात करून चढी किंमत घेतात. राखी-चंदेरी रंगाच्या लॅब्रडॉरचें उदाहरण घ्या. तपकिरी रंगाला फिका करणाऱ्या एका गौण बीजामुळें तो रंग येतो. जातीच्या अमेरिकन संघाला तो मान्य नाहीं, पण बाजाराला फार मान्य आहे. आणि कित्येक जातींत हें फिकेपणाचें बीज केंस विरळ होण्याच्या व त्वचेच्या विकाराशीं जोडलेलें आढळतें, हें जाहिरातींत लिहिलेलें नसतें. याहून वाईट प्रकार 'मर्ल' रंगाचा. निळसर-करड्या अंगावर फाटल्यासारखे काळे डाग, कधीं एखादा डोळा निळा, असा तो रंग मोठा मोहक दिसतो. त्याचें बीज एकच असलें तर बहुधा निभावतें. पण मागणी भरपूर म्हणून मर्ल आणि मर्ल यांचाच संयोग लावला, तर चार पिलांत सरासरीनें एका पिलाला तें बीज दुहेरी मिळतें, आणि अशीं पिलें पुष्कळदां बहिरीं, आंधळीं, कांहीं तर डोळ्यांची नीट वाढच न झालेलीं निपजतात. ज्याला हा हिशेब ठाऊक आहे आणि तरीहि जो तो संयोग लावतो, त्याला आम्ही पांढरें पिलूं मारणारापेक्षां अधिक अपराधी समजतों. त्या बिचाऱ्याला निदान आपण जात राखतों असा भ्रम तरी होता.

रंगावरून हांकलणारा आणि रंगावरून चौपट किंमत देणारा, हे दोघे एकमेकांचे शत्रु असल्यासारखे भांडतात. आम्हांस ते एकाच दुकानाचे दोन गिऱ्हाईक दिसतात. दोघांच्याहि लेखीं कुत्रा हा भिंतीवरचा गालिचा आहे. वाद फक्त कोणता गालिचा चांगला एवढ्यापुरता. म्हणून आम्ही येथें पांढऱ्या रंगाची वकिली करीत नाहीं. उद्यां कोणी पांढरे जर्मन शेफर्ड तेवढेच खरे असें म्हणूं लागला तर त्याच्याविरुद्धहि हाच लेख वाचून दाखवावा लागेल. रंग हवा तो असो. पण ज्या रंगापायीं प्राण्याला ऐकूं येत नाहीं, दिसत नाहीं, त्वचा सोलते, तो दोष, मग तो कितीहि सुंदर असो. आणि ज्या रंगानें प्राण्याला कांहींच होत नाहीं तो दोष नव्हे, मग तो आमच्या पुस्तकांत बसो वा न बसो.

पांढऱ्या कुत्र्याचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. अमेरिकेंत त्याची स्थिति मजेची आहे. तेथील मुख्य नोंदणीसंस्था त्याला जर्मन शेफर्ड म्हणून नोंदते. आज्ञापालनाच्या स्पर्धांत तो उतरूं शकतो आणि बक्षीसहि मिळवूं शकतो. फक्त रूपाच्या परीक्षेच्या रिंगणांत त्याला पाऊल टाकतां येत नाहीं. युरोपांत गोष्टीला निराळें वळण लागलें. १९६६ सालीं अमेरिकेंत जन्मलेला लोबो नांवाचा एक पांढरा कुत्रा स्वित्झर्लंडला नेण्यांत आला. त्याच्यापासून आणि बाहेरून आणलेल्या आणखी कांहीं पांढऱ्या कुत्र्यांपासून तेथें वंश वाढला. १९९१ सालीं स्विस वंशनोंदीच्या पुरवणींत त्यांना जागा मिळाली. २००३ सालीं आंतरराष्ट्रीय श्वानसंघानें त्यांना एक स्वतंत्र जात म्हणून तात्पुरती आणि २०११ सालीं कायमची मान्यता दिली. नांव ठरलें 'श्वेत स्विस मेंढपाळ कुत्रा', क्रमांक ३४७. जर्मन आजोबांचा, अमेरिकेंत वाढलेला हा नातू अशा रीतीनें कागदोपत्रीं स्विस झाला. त्याला घर मिळालें याचा आम्हांस आनंद आहे, आणि तो कसा मिळाला याचें थोडें हसूंहि येतें. कारण आजोळीं परत घेण्याची वाट बंदच राहिली, फक्त शेजारीं नवें घर बांधून देण्यांत आलें.

नवें घर म्हटलें म्हणजे नवें लक्षणपत्र आलेंच. तें आम्ही वाचून पाहिलें. नाक काळें असावें, पापण्या काळ्या असाव्यात, अंगावरचा केंस पांढरा असावा, हें सर्व ठीक. त्याखालीं दोषांची यादी आहे. कानाच्या टोकांवर, पाठीवर किंवा शेपटीच्या वरच्या बाजूला फिकट पिवळी झांक असल्यास तो दोष, आणि ती झांक ठळक असल्यास गंभीर दोष, असें त्या यादींत लिहिलेलें आहे.